पोटातल्या कॅन्सरचं दुखणं आणि नर्व्ह ब्लॉक : "अगदीच सहन होईना तेव्हा बघू" असं का म्हणू नये

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं की आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, ऑपरेशन होण्यासारखी स्थिती नाही, केमो सुरू आहे, मॉर्फिनची ६० मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, तरी रात्री पोटाच्या वरच्या भागात आणि मागे पाठीत इतकं दुखतं की झोप नाही, आणि दिवसा मात्र गुंगीत पडून असतात, धड बोलत नाहीत की खात नाहीत. डॉक्टरांनी सीलियॅक प्लेक्सस ब्लॉक सुचवलाय, म्हणजे वरच्या पोटाचं दुखणं वर नेणाऱ्या नसांच्या जाळ्यात सुईने औषध टाकून ते निकामी करणं. मामा म्हणतात मणक्याजवळ सुई घालायची नाही, पाय जातील. बहीण म्हणते हा शेवटचा उपाय आहे, तो आत्ताच वापरून टाकला तर पुढे काय करायचं. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की करावं का, किती दिवस टिकतं, आणि मॉर्फिन सुटेल का.

मी मुळात भूलतज्ज्ञ, पण आता बरीच वर्षं फक्त दुखण्याचंच काम करतोय आणि त्यात कॅन्सरचे पेशंट जास्त. माझं मत आधीच सांगतो. दुखणं तुम्ही लिहिलंय तसंच असेल, रक्ताचे रिपोर्ट ठीक असतील आणि ब्लॉक करणारा माणूस हे काम नेहमी करणारा असेल तर करून घ्या, आणि लांबवू नका. पेशंट न बघता याहून ठाम बोलणं बरोबर नाही, कारण यातल्या दोन-तीन गोष्टी खरंच परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या पुढे येतीलच.

घरात वाद चाललाय तो "मॉर्फिन की ब्लॉक" असा. माझ्या मते प्रश्नच तसा नाहीये. मॉर्फिनचा डोस अशा जागी येऊन थांबलाय की वाढवला तर गुंगी वाढते आणि नाही वाढवला तर रात्र सरत नाही. खरी अडचण ही आहे. अशा वेळी दुखणं ज्या नसांवाटे वर जातंय त्या नसाच बंद करता आल्या तर तेवढ्याच मॉर्फिनमध्ये, किंवा त्याहून कमीत, भागू शकतं. म्हणून आधी बघायचं की दुखणं नक्की कुठल्या नसांवाटे येतंय, कारण ब्लॉक लागू पडणार की नाही हे सगळं त्यावर ठरतं.

पेशंटला मी पहिली गोष्ट विचारतो की कुठे दुखतंय ते हाताने दाखवा. एका बोटाने नेमकी जागा दाखवली तर मी हाड, बरगडी, पोटाची भिंत, जुनी जखम असं काहीतरी मनात धरतो. पण बेंबीच्या वर अख्खा तळहात फिरवला आणि मग तोच हात मागे नेऊन पाठीच्या मधोमध ठेवला, की ते दुखणं आतल्या अवयवाचं असण्याची शक्यता खूप असते. खोल, चावल्यासारखं, जागा धड सांगता येत नाही असं. दुसरं म्हणजे झोपायची पद्धत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे पेशंट बऱ्याचदा उताणे झोपूच शकत नाहीत, उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसलेले असतात, रात्रभर तसेच, कारण स्वादुपिंड अगदी मागे, कण्याला लागून असतं आणि पुढे वाकलं की तिथला ताण जरा हलका होतो. आई अशा बसतात का ते तुम्ही लिहिलेलं नाही, बघून ठेवा, आणि डॉक्टरांना हे न विसरता सांगा. स्कॅनमध्ये न दिसणारी माहिती असते ही.

आता हा प्लेक्सस म्हणजे काय, तर कण्याच्या पुढे, साधारण छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या उंचीवर, शरीराची सगळ्यात मोठी धमनी जिथे पोटात उतरते तिच्या पुढच्या अंगाला नसांचं एक जाळं असतं. स्वादुपिंड, जठर, यकृत, पित्ताशय, लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, या सगळ्यांच्या दुखण्याचे संदेश या जाळ्यातून वर जातात. तिथे औषध पोचवून ते जाळं निकामी करायचं, एवढाच तो प्रकार. महत्त्वाचं म्हणजे हातापायांची ताकद आणि स्पर्श सांभाळणाऱ्या नसा या नव्हेत, त्यामुळे ब्लॉक नीट झाला तर चालण्यावर काही परिणाम होत नाही. हा उपचार नवीन पण नाही, जर्मन सर्जन मॅक्स कॅपिस यांनी १९१४ मध्येच त्याचं वर्णन केलंय, फरक इतकाच की तेव्हा अंदाजाने सुई घालत आणि आता एक्स-रे, सीटी किंवा सोनोग्राफीत बघून घालतात.

यावरूनच कळेल की हा ब्लॉक कुठे चालत नाही. कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलाय आणि पोटात पाणी होऊन ते ताणलं गेल्यामुळे दुखतंय, तर त्या दुखण्याच्या नसा वेगळ्या आहेत. मणक्यात गाठ गेलीय म्हणून पाठ दुखतेय, तर तिथे रेडिएशनचा विचार करायचा, बऱ्याच वेळा ८ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) चा एकच डोस सुद्धा हाडाच्या दुखण्याला पुरतो. आणि मॉर्फिनमुळे पोट साफ होत नसेल तर त्या कोंडलेल्या पोटाचीही कळ येते. ही शेवटची गोष्ट इतकी साधी आहे की सगळेच ती विसरतात. शेवटचं पोट कधी साफ झालं हे मी प्रत्येकाला विचारतोच, आणि चार-पाच दिवस झालेत असं उत्तर आलं तर ब्लॉकची तारीख ठरवायच्या आधी ते काम करतो. मॉर्फिन सुरू असेपर्यंत पोट साफ होण्याचं औषध रोज लागतंच, त्रास झाल्यावर नाही, पहिल्या दिवसापासून, कारण मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत कमी होते पण बद्धकोष्ठता आपणहून जात नाही.

ब्लॉकची तारीख मिळेपर्यंत जे दिवस जातील ते तसेच काढायला लागू नयेत म्हणून औषधांबद्दल लिहितो. तुम्ही म्हणताय की दिवसाला १२० मिलिग्रॅम चालू आहे आणि मधेच कळ आली तर घ्यायला ५ ची गोळी दिलीय, जिचा "काहीच उपयोग होत नाही". होणारही नाही. मधल्या कळेसाठीचा डोस साधारणपणे दिवसाच्या एकूण डोसचा दहावा ते सहावा हिस्सा धरतात, म्हणजे आईच्या हिशोबाने १२ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास. पण कृपा करून हे वाचून घरी स्वतः डोस वाढवू नका. कारण त्या आधीच गुंगीत आहेत, आणि गुंगी का आहे हे कळल्याशिवाय वाढवणं धोक्याचं आहे. किडनी मंद चालत असेल तर मॉर्फिनपासून तयार होणारे पदार्थ शरीरात साठतात आणि त्याच डोसवर माणूस जास्त जास्त झोपाळू होत जातो, अंगाला बारीक झटके येतात, कधी भास होतात. तसं असेल तर औषधच बदलून फेन्टॅनिल वगैरे द्यावं लागतं. कॅल्शियम वाढलं, यकृत थकलं, इन्फेक्शन झालं तरी अशीच ग्लानी येते. तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न स्वच्छ विचारा, एक म्हणजे क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) आणि कॅल्शियम किती आहे, आणि दुसरा, मधल्या कळेचा डोस रोजच्या डोसच्या मानाने पुरेसा आहे का. दुखण्यात आग, करंट मारल्यासारखी चमक, मुंग्या असं काही असेल तर तेही सांगा, त्याला प्रेगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन असल्या औषधांची जोड लागते. फक्त ही पण गुंगी आणणारीच आहेत, तेव्हा कमी डोसपासून.

आता बहिणीच्या म्हणण्याकडे येतो, कारण माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. शेवटचा उपाय ही समजूत कुठून आली ते मला माहितीये. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, आधी साध्या गोळ्या, मग सौम्य अफूजन्य औषधं, मग मॉर्फिन. त्या शिडीने जगभर खूप लोकांचं भलं झालं यात शंका नाही, पण ब्लॉक त्या पायऱ्यांमध्ये नव्हता, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात बसलं की तिन्ही पायऱ्या चढून थकलं की मग सुई. २०१८ च्या त्यांच्याच मार्गदर्शनात शिडीला इतकं घट्ट धरून बसू नका, माणसागणिक ठरवा, असा सूर आहे. आणि सीलियॅक ब्लॉकच्या बाबतीत तर थांबण्यात सरळ नुकसान आहे. औषध त्या जाळ्याभोवती ओल्या मातीत पाणी मुरतं तसं सगळीकडे पसरायला हवं, गाठ वाढून तिने ती जागा घट्ट आवळली की औषध एका बाजूला साचून राहतं आणि अर्धवट आराम मिळतो. शिवाय उशीर होतो तसं दुखणं नुसतं आतल्या अवयवाचं राहत नाही, ते अस्तरात, कण्यात, इतर नसांत शिरतं, मग एका ब्लॉकने सगळं कसं थांबेल. आणि माणूसही खंगत जातो, पालथं झोपवत नाही, प्लेटलेट उतरतात, बीपी आधीच कमी असतं. माझ्याकडे "आता काहीही करा" म्हणत अगदी शेवटच्या टप्प्यात आणलेले पेशंट येतात तेव्हा मनापासून वाटतं की हे दोन महिने आधी आले असते तर तेवढे दिवस तरी नीट झोपले असते. हा ब्लॉक आत्ता केला म्हणून पुढचे मार्ग बंद होत नाहीत. असर उतरला तर पुन्हा करता येतो, दुसऱ्या वेळी आराम पहिल्याइतका मिळेलच असं नाही, पण करता येतो. मॉर्फिन आहेच. तेव्हा जपून ठेवण्यासारखी ही वस्तूच नाही.

मामांची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाय जाणं ही गोष्ट झालेली आहे, क्वचित, पण झालेली आहे. १९९३ मध्ये छापून आलेल्या इंग्लंड-वेल्समधल्या एका पाहणीत २७३० ब्लॉकचा हिशोब घेतला होता, त्यात कायमचा लकवा ४ जणांना झाला होता, म्हणजे साधारण ६८३ मध्ये एक. याचं कारण म्हणजे मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक बारीक धमनी त्याच उंचीच्या आसपास येते, औषध तिच्यात गेलं किंवा तिच्याभोवती जाऊन ती आकसली तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच आधी डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, टाकून औषध कुठे जाणार ते बघायचं, सुई मागे ओढून रक्त येत नाही ना ते तपासायचं, थोडं भुलीचं औषध देऊन पाय हलवायला सांगायचे आणि मगच पुढे जायचं. एवढं करूनही धोका शून्य होत नाही. शून्य आहे असं कोणी सांगितलं तर त्यांना पुन्हा विचारा. पण हा धोका दुसऱ्या बाजूला ठेवून बघा, रोजची रात्र बसून काढणं, खाणं सुटणं, गुंगीत पडून राहणं हे "होऊ शकतं" असं नाही, ते आत्ता होतंय. मामांना डॉक्टरांच्या भेटीला सोबत घेऊन जा, त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. घरात एकट्याने समजावत बसण्यापेक्षा ते बरं, माझा अनुभव असा आहे की ज्याला भीती वाटतेय त्याच्या तोंडावर कोणी खरं उत्तर दिलं की बराचसा विरोध तिथेच मावळतो.

त्या दिवशी काय होतं ते सांगतो म्हणजे आईंनाही सांगता येईल. आधी सलाईन लावून अर्धा ते एक लिटर पाणी शिरेतून देतात, कारण नंतर बीपी उतरणार हे माहीत असतं. मग पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. ज्या माणसाला पोट दुखतंय त्याला पोटावर झोपवणं हाच सगळ्यात अवघड भाग असतो, म्हणून मी त्याआधी शिरेतून थोडं दुखण्याचं औषध देतो, आणि नाहीच जमलं तर कुशीवर झोपवून करता येतं. पूर्ण भूल देत नाहीत, हलकी गुंगी, कारण मधे बोलायला लागतं. शेवटच्या बरगडीच्या खाली, कण्यापासून थोडं बाजूला, दोन्हीकडे कातडी बधिर करतात आणि लांब बारीक सुई तिरकी आत नेतात. सुई मणक्याच्या कडेने पुढे सरकते ते स्क्रीनवर दिसत असतं. जागेवर पोचली की डाय, तो मणक्याच्या पुढे पातळ रेषेसारखा वर-खाली पसरला की समजायचं जागा बरोबर आहे, ढगासारखा एका जागी गोळा झाला तर सुई हलवायची. मग भुलीचं औषध, थोडं थांबायचं, पाय हलवून घ्यायचे, आणि मग अल्कोहोल, तीव्रता ५० ते १०० टक्के, दोन्ही बाजू मिळून साधारण २० ते ४० मिली. काहीजण फिनॉल वापरतात. अल्कोहोल जाताना आत जळजळ होते, कधी खांद्यात कळ जाते, ती थोड्याच वेळात विरते, पण आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो, म्हणून आईंना हे सांगून ठेवा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

दुसरा रस्ता एंडोस्कोपीचा. तोंडातून दुर्बीण जठरात नेऊन तिच्या टोकाच्या सोनोग्राफीत बघत समोरच्या बाजूने सुई टाकतात, हे गॅस्ट्रोचे डॉक्टर करतात. पालथं झोपायला लागत नाही हा मोठा फायदा. दोन्हीपैकी कुठला चांगला असं मला कोणी विचारलं तर मी म्हणतो की तुमच्याकडे जो माणूस जे रोज करतो ते चांगलं. आणि स्कॅनमध्ये त्या जागेला गाठींनी वेढलेलं दिसत असेल तर तिथे न जाता जरा वरच्या अंगाला, छातीच्या शेवटच्या मणक्यांशी, त्याच नसा जाळ्यात शिरण्याआधी पकडता येतात, त्याला स्प्लँकनिक ब्लॉक म्हणतात. तिथे रेडिओफ्रिक्वेन्सीनेही, म्हणजे सुईच्या टोकाच्या उष्णतेने नस निकामी करूनही, काम होतं. डॉक्टर ऐनवेळी हे नाव घेतील तर बिचकू नका, ते त्याच दुखण्यासाठी आहे.

नंतरचे दोन-तीन दिवस नीट लक्ष द्यायचे आहेत. बीपी उतरतं, विशेषतः उठून उभं राहताना, तेव्हा आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून काही मिनिटं बसवायचं, मग कोणीतरी धरून उभं करायचं, रात्री बाथरूमला तर एकटं जाऊच द्यायचं नाही. त्यांना बीपीच्या गोळ्या असतील तर त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पातळ शौचाला होतं बऱ्याच जणांना, कारण आतड्याला आवरणाऱ्या नसा त्यातच बंद झालेल्या असतात. मॉर्फिनने पोट घट्ट झालेलं असतं त्यामुळे काहींना हे उलट बरंच वाटतं, पण फार झालं तर पाणी कमी पडून बीपी आणखी उतरेल, तेव्हा कळवायचं. सुईच्या जागी पाठ एक-दोन दिवस दुखते. आणि कधीकधी पहिले एक-दोन दिवस मूळ दुखणंच जरा उसळतं, लगेच "फुकट गेलं" असं ठरवू नका, अल्कोहोलचा खरा असर काही दिवसांनी कळतो.

मॉर्फिनचं काय, हा तुमचा तिसरा प्रश्न, आणि इथे एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. दुखणं स्वतः माणसाला जागं ठेवत असतं. आज १२० मिलिग्रॅमवर आई जशा आहेत त्यात दुखण्याचाही हात आहे, ते दुखणं एकाएकी गेलं तर तोच डोस त्यांना जड होऊ शकतो, गाढ झोप, श्वास मंदावणं, हाकेला ओ न देणं. म्हणून ब्लॉकनंतर डोस किती उतरवायचा ते आधीच ठरवलेलं असावं, आणि पहिली रात्र त्या हॉस्पिटलमध्येच असलेल्या बऱ्या. उलट टोकही चुकीचं, "आता दुखत नाही ना, मग बंद" म्हणून घरीच एकदम बंद केलं तर घाम, थरथर, जुलाब, बेचैनी होते, ज्याला लोक ब्लॉकचा त्रास समजतात. टप्प्याटप्प्याने उतरवायचं. पूर्ण सुटेल का, तर काहींचं सुटतं, बऱ्याच जणांचं कमी होतं, काहींचं तेवढंच राहतं पण त्या डोसवर झोप लागते. २००४ साली जामा या नियतकालिकात १०० पेशंटचा एक अभ्यास आला होता, अर्ध्यांना खरा ब्लॉक, अर्ध्यांना खोटा, आणि औषधं दोन्हीकडे लागतील तशी. ब्लॉकवाल्यांचं दुखणं जास्त उतरलं, पण औषधाच्या प्रमाणात फरक पडला नाही आणि आयुष्यातही नाही. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा औषध कमी लागतं असंही दिसलं. म्हणून मी पेशंटला मॉर्फिन सुटेल असं वचन देत नाही, रात्र नीट जावी आणि दिवसा शुद्धीत बोलता यावं हे लक्ष्य ठेवतो. एवढं झालं की मी तो ब्लॉक यशस्वी मानतो.

टिकतो किती, तर साधारण तीन ते सहा महिने, काहींना जास्त. चांगला आराम दहातल्या सात ते नऊ जणांना मिळतो असे आकडे आहेत, पण पूर्ण शून्य दुखणं फार थोड्यांना. नसा हळूहळू पुन्हा जोडल्या जातात, किंवा गाठ नव्या जागी जाते. आणि हेही सांगायला हवं की ब्लॉकने कॅन्सरवर काही होत नाही, केमो चालू ठेवायची की नाही हा प्रश्न जिथे आहे तिथेच राहतो.

तर इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर दुखणं खोल, वरच्या पोटातून पाठीत जाणारं असेल तर ब्लॉक लागू पडण्याची शक्यता चांगली, लवकर केला तर जास्त चांगली, मॉर्फिन सोबत राहणार पण बहुधा सुसह्य प्रमाणात, आणि गंभीर धोका क्वचित पण खरा.

कधी करायचा नाही तेही ऐका. केमोमुळे प्लेटलेट खाली असतील, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) १.५ च्या वर असेल, अंगात इन्फेक्शन असेल किंवा सुईच्या जागी जखम असेल तर आधी ते सुधारायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगायलाच हव्यात, क्लोपिडोग्रेलसारखी गोळी साधारण सात दिवस आधी थांबवावी लागते, पण ती स्टेंटसाठी असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. केमोच्या चक्रात प्लेटलेट कधी वर असतात ते ऑन्कोलॉजीवाल्यांना माहीत असतं, त्याप्रमाणे तारीख घ्यायची, दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा, बऱ्याच ठिकाणी हे नातेवाइकालाच करावं लागतं. आतडं अडकल्याची लक्षणं, म्हणजे पोट फुगलंय, उलट्या, वाराही सरत नाही, असं असेल तर हा ब्लॉक नको, कारण त्याने आतड्याची हालचाल आणखी वाढते.

काही ठिकाणी आधी फक्त भुलीच्या औषधाचा ट्रायल ब्लॉक करून बघतात, आराम पडला तरच दुसऱ्या दिवशी अल्कोहोल. तर्क बरोबर आहे, पण इतक्या थकलेल्या माणसाला दोनदा पालथं झोपवायचं आणि दोनदा सुई, मला ते पटत नाही. दुखण्याचं चित्र स्पष्ट असेल तर मी एकाच वेळी करतो. चित्र मिश्र असेल, अर्धं हाडाचं अर्धं आतलं असं वाटत असेल, तर मात्र ट्रायल करतो. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात, कारण प्रत्येकाचं दुखणं वरच्या पोटातलं नसतं. गर्भाशयाचं तोंड, मूत्राशय, प्रोस्टेट अशा ओटीपोटातल्या कॅन्सरसाठी कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी (सॅक्रम) मिळतात तिथे पुढच्या बाजूला सुपीरियर हायपोगॅस्ट्रिक प्लेक्सस नावाचं नसांचं जाळं असतं, त्याचा ब्लॉक करतात. गुदद्वार आणि बसायच्या जागेच्या आगीसाठी माकडहाडाच्या पुढे गँग्लियन इम्पार नावाची एकच गाठीसारखी नस आहे, लहानसा ब्लॉक आहे पण ज्याला बसताच येत नाही त्याला फार मोठा दिलासा. बरगडीतल्या गाठीसाठी बरगड्यांमधल्या नसांचा ब्लॉक, त्यात फुप्फुसाला सुई लागून हवा भरण्याचा धोका लक्षात ठेवायचा. चेहरा-जबड्यासाठी तिथल्या ट्रायजेमिनल नसेचा ब्लॉक. आणि कशानेच जमत नसेल, दुखणं पसरलेलं असेल तर मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात बारीक नळी टाकून पंपाने मॉर्फिन देता येतं, तोंडाने ३०० मिलिग्रॅम लागतं तिथे असं साधारण १ मिलिग्रॅम पुरतं, त्यामुळे गुंगी खूप कमी. अंगाच्या एकाच बाजूचं भयंकर दुखणं असेल तर कॉर्डोटॉमी म्हणून मज्जारज्जूतली दुखणं वर नेणारी वाट तोडायची, मानेतून करायची प्रक्रिया आहे, ती करणारे फार कमी. तुमच्या आईंना ब्लॉक लागू पडला नाही तर पंपाचं विचारा.

आईंना स्वतःला विचारलंत का, हे तुमच्या लिहिण्यात कुठे आलं नाही. सकाळी गुंगी जरा कमी असते त्या वेळी, फक्त तुम्ही दोघं असताना विचारा की रात्री काय होतं, सुईचं ऐकून काय वाटतं. काही जण पोरांना त्रास नको म्हणून दुखणं कमी सांगतात आणि डॉक्टरांसमोर "बरं आहे" म्हणून मोकळे होतात. सही त्यांची आहे, तेव्हा हो किंवा नाही तेही त्यांचंच असायला हवं.

तारखेपर्यंत एका वहीत लिहून ठेवा, किती वाजता दुखलं, शून्य ते दहामध्ये किती, कुठली गोळी घेतली, तासाभराने किती झालं, पोट साफ झालं का, झोप किती. ब्लॉकनंतरही तेच चालू ठेवा, डोस उतरवायला डॉक्टरांना याचाच आधार लागतो. आणि यातलं काहीही झालं तर, ब्लॉक झालेला असो वा नसो, सकाळची वाट न बघता निघा : पायात बळ नाही, लघवी अडकली, कमरेखाली बधिरपणा आला, हाका मारून उठत नाहीत, श्वास अगदी सावकाश चाललाय, थंडी वाजून ताप आला. प्लेटलेट, आयएनआर आणि क्रिएटिनिनचे ताजे आकडे आले की इथेच लिहा, आणि शेवटच्या स्कॅनमध्ये मुख्य धमनीभोवती काय लिहिलंय ते पण, म्हणजे समोरचा मार्ग बरा की मागचा यावर आणखी काही सांगता येईल.